उजवा मागचा

आमच्या तबेल्यात अकरा घोडे आहेत, म्हणजे चव्वेचाळीस खूर, आणि ते सगळेच्या सगळे रोज सकाळी माझ्या नजरेखालून जातात. निदान माझी तशी समजूत होती. लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारी ही शाळा माझ्या नवऱ्याची. शिकवायचं काम हे करतात. घोड्यांचं खाणंपिणं, अंथरूण, औषधपाणी आणि माणसांवर ओरडणं हे खातं मात्र एकवीस वर्षं माझ्याकडे आहे आणि त्यातलं शेवटचं काम मी सगळ्यात मन लावून करते.

घोड्यांची देखभाल करायला दोन मोतद्दार आहेत. एक लांब्या, तो खरोखरच लांब आहे. दुसरा पैलवान, त्याला जोरात शिंक आली तर त्याचा त्यालाच धक्का बसतो इतका तो बारीक आहे. दोघांची पन्नाशी उलटली आहे. माझ्यासमोर ते मला बाई म्हणतात आणि पाठ वळली की फौजदार. त्यांना वाटतं, मला ते माहीत नाही.

आणि आमचे नालबंद म्हणजे माझे सख्खे धाकटे दीर. दर सहा आठवड्यांनी येतात, प्रत्येक घोड्याचे वाढलेले खूर कापतात, कानस मारून सारखे करतात, नाल ठोकतात आणि जातात. माणूस एवढा शांत की घरात आहे की नाही ते चपला बघून कळावं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलेलं होतं, वहिनी वहिनी करत मागे असायचे. पुढे हातात हत्यार आलं तसे ते बोलायचे कमी झाले आणि मी बोलायची वाढले, म्हणजे घरातला आवाज तेवढाच राहिला. ह्या भावजींना मी एका सकाळी सगळ्यांसमोर नको ते बोलले. कशावरून, तर एका पायावरून.

काजळी नावाची आमची एक काळी घोडी आहे. चौदा वर्षांची, अंगाने भरलेली आणि स्वभावाने अशी की तीन मुलं एकदम तिच्या पोटाखालून गेली तरी ती पाय उचलायची नाही. जी मुलं घोड्याला भितात त्यांना आम्ही आधी काजळीवर बसवतो. त्या दिवशी मी तिच्या जवळून जात होते आणि मला तो वास आला.

हा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याने जेवायच्या आधी ऐकू नये. घोड्याच्या खुराच्या तळाला मधोमध रबरासारखा एक मऊ त्रिकोण असतो. त्याच्या दोन्ही अंगांना खोल खाचा. त्या खाचांत शेण, माती, ओला भुसा जाऊन बसला आणि कोणी तो काढला नाही, की आत वारा शिरत नाही आणि सडायला सुरुवात होते. काळं चिकट पाणी सुटतं. लवकर कळलं तर आठ दिवसांत बरं होतं, उशिरा कळलं तर सड आत मांसापर्यंत जाते आणि घोडा लंगडतो. मी काजळीचा पाय उचलून बघितला. उजवा मागचा. खाचेत काडी घातली तर बोटभर आत गेली आणि काजळीने अख्खं अंग आखडून घेतलं.

आठवड्याच्या आत आणखी चार घोडे तसेच निघाले. चारही घोड्यांचा पाय एकच. उजवा मागचा.

आता मला सांगा, डोकं फिरेल की नाही? पाण्याच्या हौदाजवळचा पाइप दोन महिने गळत होता, अंगणात चिखल होता, हे मला मान्य. पाइप मी लगेच बदलून घेतला, तिथे खडी टाकली. पण चिखलात घोडा काय एका पायावर उभा राहतो? ओल लागायची तर चारही पायांना लागेल. खूर साफ करायचा आकडा रोज चारही पायांना लागतो, तेही ठरलेल्या क्रमाने: डावा पुढचा, डावा मागचा, उजवा पुढचा, उजवा मागचा. हा क्रम मीच घालून दिला होता, एखादा पाय चुकून राहू नये म्हणून. चंदीच्या खोलीबाहेर फळ्यावर माझ्या अक्षरात तो लिहिलेला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'चार पाय झाल्याशिवाय चंदी नाही.' चंदी म्हणजे घोड्यांचा दाणा. तर माझ्या तबेल्यात चूक नव्हती. मग चूक कोणाची? ज्याच्या हातात सुरी त्याची.

आणि भावजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालेलं होतं. त्यासाठी ते तीन महिने आले नव्हते, त्यांच्या जागी एक बदली माणूस येऊन जात होता. मग ते परत आले, त्यांनी अकराही घोडे केले आणि पंधरा दिवसांत हे सुरू झालं. मी दोन आणि दोन जोडले आणि माझे पाच झाले.

मी निरोप पाठवला तसे ते सकाळी आले. काजळीचा पाय बघितला, खाचेत बोट घालून वास घेतला आणि म्हणाले, "आत गेलंय, वहिनी. मोकळं करून घेऊ या."

"आधी मला एक सांगा," मी म्हणाले. लांब्या, पैलवान, आमचे हे, सगळे तिथेच उभे होते. "पाचही घोड्यांचा तोच पाय कसा सडतो? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला उजवीकडचं नीट दिसत नाही. दिसत नसेल तर तसं सांगावं माणसाने. घोड्यांच्या पायावर हात कशाला साफ करता?"

नालबंदाला दिसत नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला बोलता बोलताच कळलं होतं. पण माझं असं आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. एकदा गाडी उतारावर लागली की मलाही ती थांबवता येत नाही.

भावजींनी काजळीचा पाय हळूच खाली ठेवला. सुरी पुसली, पेटीत टाकली, पेटी बंद केली. "बरं," म्हणाले. "मग दिसणारा माणूस बघा." आणि मोटरसायकलला पेटी बांधून निघून गेले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मी काय चुकीचं बोलले?" वर्गाची मुलं आली होती तिकडे हे चालते झाले. आमच्या घरातले पुरुष न बोलून जे बोलतात त्याला तोड नाही.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते सगळं बरोबर केलं, हे मला सांगायलाच हवं. पाचही घोड्यांखालचा भुसा रोज बदलला. रोज पाय धुतला, फडक्याने कोरडा केला, खाचेत औषधाचा कापूस भरला. चार घोडे सावकाश का होईना, सुधारायला लागले. काजळी सुधारेना. जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी पाय दाबून बघितला आणि म्हणाल्या, "औषध बरोबर आहे. पण वर मेलेली कातडी झाकणासारखी बसली आहे, तिच्याखाली सड वाढते आहे. ते झाकण नीट कापून काढायला हवं. जास्त कापलं तर घोडी पाय टेकणार नाही, कमी कापलं तर उपयोग नाही. तुमचे दीर कुठे आहेत?"

"त्यांना वेळ नाही," मी म्हणाले.

"वेळ नसला तर काढायला सांगा. आणखी पंधरा दिवस हे असंच राहिलं तर सड आतल्या मांसात उतरेल. मग ह्या घोडीवर कोणी बसेल की नाही, मला सांगता येणार नाही."

मी बदली माणसाला बोलावलं. तो घाईत होता, त्याला पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. त्याने पहिल्याच फटक्यात रक्त काढलं. काजळीने, जिने जन्मात कोणावर पाय उगारला नव्हता तिने, त्याची पेटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पाठवली. तो हत्यारं गोळा करून गेला आणि त्यानंतर काजळी माझ्याशिवाय कोणाला त्या पायाजवळ येऊ देईना. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ह्या सगळ्या दिवसांत माझी जाऊ आणि मी रोज फोनवर बोलत होतो. बायकांचं बरं असतं, भांडण त्यांच्या घरात झालं तरी फोन चालू राहतो. ती जगातल्या सगळ्या गोष्टी सांगायची आणि तेवढी एक सोडून द्यायची. मीच शेवटी न राहवून विचारायची, "बाकी भावजी काय करतात?"

"रंग देतायत," ती म्हणायची.

पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराला रंग दिला. दुसऱ्या आठवड्यात खिडक्यांना दिला. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "ताई, आता शेजाऱ्यांच्या फाटकाला देतायत. शेजाऱ्यांनी सांगितलंसुद्धा नव्हतं." मग म्हणाली, "दुसऱ्या तबेल्यांचीही बोलावणी येतात. जात नाहीत. म्हणतात, लोकांना वाटेल आंधळा आला."

मी फोन ठेवला. मला वाईट वाटलं. पण चूक त्यांचीच आहे, असंही त्याच वेळी वाटत होतं, आणि हे दोन विचार एकमेकांना ढकलत माझ्या डोक्यात बसले होते.

मग तो सोमवार आला. काजळीचा पाय औषधाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा होता. उशीर नको म्हणून मी त्या दिवशी क्रम मोडला आणि आधी तोच पाय घेतला, उजवा मागचा. दुखरा पाय. मला वाटलं, आता ही मला हौदात टाकणार. काजळी दगडासारखी उभी राहिली. सगळी खाच साफ करू दिली, पाण्यात पाय ठेवू दिला, पुसू दिला. मी तिला शाबासकी दिली आणि बाकीचे तीन पाय घेतले. शेवटी डावा मागचा आला. हा तिचा ठणठणीत पाय. आणि तो तिने असा हिसकला की माझ्या हातातला आकडा उडाला.

मी दुसऱ्यांदा उचलला. पुन्हा हिसकला. माझा पारा चढला. "अगं, दुखतो त्या पायाला गप्प राहतेस आणि ह्याला काय झालं?" असं मी तिला विचारत असताना मला मागे खडखड ऐकू आली. लांब्या चंदीची घमेली मांडत होता. काजळीचे दोन्ही कान त्या घमेल्यांकडे वळलेले होते. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

मी आकडा घेऊन शेजारच्या घोड्याकडे गेले. त्यालाही उलट्या बाजूने सुरुवात केली. पहिले तीन पाय गुण्यागोविंदाने, चौथा हिसकला. तिसरा घोडा, तेच. मी पाचव्या घोड्यापर्यंत गेले आणि मग तिथेच पाण्याच्या पालथ्या बादलीवर बसले.

घोड्याला मोजता येतं की नाही मला माहीत नाही, पण चौथ्या पायानंतर चंदी येते हे त्याला पक्कं माहीत असतं. एकवीस वर्षं मीच ते शिकवलं होतं. चौथा पाय उचलला की तो हिसकणार, आपण दोनदा आकडा फिरवणार आणि 'झालं बाबा, जा, खा' म्हणून सोडून देणार. लांब्या तसं करतो का ते बघायला मी मान वळवली. तो तसंच करत होता. पैलवानही तसंच करत होता. मग मी माझे स्वतःचे हात आठवले आणि मला लपायला जागा उरली नाही. मीसुद्धा तसंच करत होते. रोज. पाय चुकू नये म्हणून मी क्रम घातला आणि त्या क्रमानेच एक पाय रोज चुकत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कोरड्या दिवसांत ते खपून गेलं, पाइप गळायला लागला तेव्हा अंगाशी आलं. आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

मी उठले, फडकं ओलं केलं आणि फळा पुसून काढला. नवीन लिहिलं: सोमवारी सुरुवात उजव्या मागच्यापासून, मंगळवारी डाव्या मागच्यापासून, असं रोज वेगळं. आणि खाली लिहिलं, 'पाय झाल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. घमेल्याला हात लावायचा नाही.' लांब्या आणि पैलवान माझ्या मागे येऊन उभे राहिले, वाचलं आणि एकमेकांकडे बघून "बरं बाई" म्हणाले. एकानेही का म्हणून विचारलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी माझ्याच नादात होते.

आता राहिलं भावजींकडे जाणं. सांगायला लाज वाटते, पण मी त्याची तालीम केली. काजळीसमोर. "भावजी, माझं चुकलं." काजळी गवत खात राहिली. "भावजी, झालं गेलं विसरून जा." हे मलाच आवडलं नाही, विसरायचं त्यांनी का? माफी हा शब्द माझ्या तोंडाला कधी लागलेलाच नाही, लहान मुलाच्या पायातल्या मोठ्या चपलेसारखा तो सारखा निसटत होता. दुपारी मी गेले.

दार जावेने उघडलं आणि म्हणाली, "ताई, चौकटीला टेकू नका, ओली आहे." भावजी मागच्या अंगणात स्टुलाला रंग देत होते. मी समोर उभी राहिले. तालमीतलं सगळं विसरून मी म्हणाले, "निळा रंग छान आहे."

"हिरवा आहे," ते म्हणाले. ह्यावर आता मी काय बोलणार? डोळे कोणाचे गेले होते ते तिथल्या तिथे ठरलं.

मी काजळीचं सांगितलं. झाकण, बदली माणूस, रक्त, डॉक्टरबाईंचे पंधरा दिवस, त्यातले सहा तर सरलेसुद्धा. ते ब्रश थांबवून ऐकत होते. मी म्हणाले, "या ना एकदा." मला पुढचंही बोलायचं होतं, पण ते म्हणाले, "उद्या सकाळी येतो. काजळीसाठी येतो. बाकीचं तुमचा माणूस बघेल." आणि ते पुन्हा स्टुलाकडे वळले. मी घरी आले. एवढ्या लांब जाऊन मी रंगाबद्दल बोलून आले होते.

सकाळी ते आले. डॉक्टरबाईही मुद्दाम आल्या होत्या. काजळीला लगाम धरून ह्यांनी उभं केलं. मला वाटलं होतं, ती आता कोणालाच हात लावू देणार नाही. भावजींनी पेटी उघडलीच नाही आधी. तिच्या मानेवर हात ठेवला, पाठीवरून फिरवत मागे आले, मांडीवरून खाली, गुडघ्यावरून खाली, आणि तिने पाय आपण होऊन त्यांच्या हातात दिला. मग त्यांनी ती वाकडी सुरी काढली. वरची मेलेली कातडी पापुद्र्यापापुद्र्याने सोलली, मध्येच थांबून अंगठ्याने दाबून बघितलं, पुन्हा एक पापुद्रा काढला. झाकण निघालं, आतला काळा खळगा उघडा पडला, तो त्यांनी धुऊन, पुसून, औषधाचा कापूस भरून बंद केला. रक्ताचा एक थेंब आला नाही. काजळीने पाय खाली टेकला, त्यावर वजन टाकून बघितलं आणि मोठा श्वास सोडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता होईल बरी." माझ्या जिवात जीव आला.

भावजी हत्यारं पुसून पेटीत ठेवायला लागले. "दहा दिवसांनी पुन्हा थोडं कापावं लागेल," ते ह्यांना म्हणाले. "तुमच्या माणसाला दाखवून ठेवतो कुठे ते."

पेटीचं झाकण बंद व्हायला आलं होतं. एकदा ते बंद झालं की पेटी मोटरसायकलला बांधली जाणार आणि हा माणूस परत इथे येणार नाही, हे मला दिसत होतं. सगळे तिथेच होते, त्या दिवशी होते तेच. जे बोलले ते ह्या सगळ्यांसमोर बोलले होते, आता परतही त्यांच्यासमोरच घ्यायला हवं होतं. घरी जाऊन अंगणात कुजबुजून चालणार नव्हतं.

"भावजी, थांबा," मी म्हणाले. "चूक माझी होती. तुमचा डोळा चांगला आहे, तुमचा हात चांगला आहे. माझा क्रम वाईट होता." आणि मी सगळं सांगितलं. चौथा पाय, घमेली, दोनदा आकडा फिरवून सोडून देणं, माझे स्वतःचे हात. एकदा सुरुवात झाल्यावर जमलं, बोलायचं मला वावडं नाहीच. शेवटी मी जरा ऐटीतच म्हणाले, "एवढी साधी गोष्ट, पण एकवीस वर्षांत कोणाच्याच लक्षात आली नाही."

पैलवानाने लांब्याकडे बघितलं. लांब्या स्वतःच्या पायांकडे बघायला लागला, आणि ते त्याच्यापासून बरेच लांब आहेत.

"काय आहे?" मी विचारलं. "बोला. आज खाणार नाही मी कोणाला."

"सोड रे," भावजी पैलवानाला म्हणाले. पण पैलवानाला तोंड फुटलं होतं.

"बाई, ह्या दादांनी तुम्हाला सांगितलं होतं. सहा वर्षं झाली. इथेच, हौदाजवळ. शेवटच्या पायाला घोडे घाई करतात, क्रम बदलून बघा, म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, तुम्ही नाल ठोका, तबेला मी बघते."

मला आठवत नाही. आजही आठवत नाही, शपथेवर सांगते. पण ते वाक्य माझंच आहे, आमच्या घरात असं दुसरं कोणी बोलत नाही.

"तेव्हापासून दादा येतील त्या दिवशी तासभर आधी येतात," लांब्या म्हणाला. "तुम्ही यायच्या आत. अकराही घोड्यांचा तो पाय खोल साफ करून औषध लावतात आणि मग कामाला सुरुवात करतात. आम्हाला म्हणाले होते, बोलू नका. ह्या वेळी डोळ्यामुळे तीन महिने राहिलं, आणि परत आल्यावर केलं तरी ह्या चिखलात ते टिकलं नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे काजळीची आयाळ सारखी करत होते. म्हणजे ह्यांनाही माहीत होतं. सगळ्या तबेल्याला माहीत होतं. फक्त फौजदाराला माहीत नव्हतं, कारण फौजदाराला सांगायची कोणाची छाती नव्हती आणि ज्याची झाली त्याला मी हाकलून दिलं होतं.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?" मी भावजींना विचारलं. "मी तुम्हाला आंधळं म्हटलं. एक वाक्य टाकायचं होतं, माझं तोंड बंद झालं असतं."

"ह्यांच्यासमोर?" त्यांनी मानेनेच मोतद्दारांकडे दाखवलं. "दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी तुमचं ऐकलं नसतं, वहिनी. घोड्यांचे हाल झाले असते."

मला रडू आलं. मी चारचौघांत रडत नाही, घरातही क्वचित. पण आलं, आणि मी ते पुसलं नाही. ज्या माणसांसमोर मी त्यांची लाज काढली, त्याच माणसांसमोर त्यांनी माझी राखली होती, आणि त्यापायी तीन आठवडे घरी बसून लोकांची फाटकं रंगवली होती.

"भावजी, मला माफ करा," मी म्हणाले. तालीम न करता आलं.

ते गडबडले. इकडे तिकडे बघितलं, कान लाल झाले. मग पेटीचं झाकण परत उघडून त्यांनी सुरी बाहेर काढली आणि लांब्याला म्हणाले, "बाकीचे चार आण. आलोच आहे तर तेही बघून घेतो." लांब्या धावत गेला. पैलवान पाय धरायला पुढे झाला तर त्याला म्हणाले, "तू नको. वहिनी धरतील."

मी पदर खोचला, वाकले आणि पहिल्या घोड्याचा उजवा मागचा पाय दोन्ही हातांत धरला.

"असा नाही," भावजी म्हणाले. "जरा खाली घ्या. अजून खाली."

"बरं," मी म्हणाले, आणि पाय आणखी खाली घेतला.